रानाची सफर : बेत आणि मुक्काम

सफर हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. होडीची सफर, गावची सफर, असे आपण सहज बोलतो. हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ प्रवास. अरब व्यापारी गलबते घेऊन आपल्या किनाऱ्यावर येत, तसेच आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही जात. तेथे स्वाहिली नावाची भाषा बोलतात. त्या भाषेत याच शब्दावरून सफारी हा शब्द झाला. पुढे तो इंग्रजांनी उचलला. आज साऱ्या जगात सफारी म्हणजे रानातील जनावरे पाहण्यासाठी केलेली सहल.

अशी सहल एकदा तरी करावी, असे पुष्कळांना वाटते. पण मनात येते : हे काम श्रीमंतांचे. आपल्याला कोण विचारतो? खर्च किती? राहायचे कोठे? फसवणूक झाली तर?

या पाठात आपण या प्रश्नांची उत्तरे शोधू या. त्यासाठी फार लांब जायला नको. रायगडच्या किनाऱ्यालाच एक रान आहे.

आपल्या दारचे रान

मुरूडजवळ समुद्रात जंजिरा किल्ला आहे. तेथे सिद्दी घराण्याचे राज्य होते. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. जंजिऱ्याच्या नवाबाचे एक राखीव शिकारीचे रान होते. त्यात इतरांना शिकार करण्याची मनाई असे. त्यामुळे ते रान दाट राहिले. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले. पुढे १९८६ साली सरकारने हे रान अभयारण्य म्हणून जाहीर केले. हेच फणसाड अभयारण्य. ते मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरले आहे. पूर्वी लोक येथे बंदूक घेऊन जात. आता दुर्बीण घेऊन जातात.

अभयारण्य म्हणजे जेथे जनावरांना भय नाही असे अरण्य. येथे ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी अशी झाडे आहेत. गारंबीचे जाड वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले दिसतात. गारंबीची शेंग पाहिलीत का? ती माणसाच्या हाताएवढी लांब होते. या रानात बिबट्या आहे, सांबर आहे, भेकर आहे. रानडुक्कर, साळिंदर आणि वानर आहेत. शेकरू तर येथील खास प्राणी. शेकरू म्हणजे मोठी खार. पाठ तांबूस, पोट पिवळसर, शेपूट अंगापेक्षा लांब. या झाडावरून त्या झाडावर ते लांब उडी घेते. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

रानातील पाणवठ्याला येथे गाण म्हणतात. उन्हाळ्यात ओढे आटले की जनावरे गाणावर पाणी प्यायला येतात.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. फणसाड हे वाघाचे रान नाही.

काय पाहायचे? कधी पाहायचे?

समजा, अलिबाग तालुक्यात एक कोळीवाडा आहे. तेथे आठ बायकांचा बचत गट आहे. त्यांनी रानात जायचे ठरवले. एका संध्याकाळी त्या बसल्या आणि बोलू लागल्या.

काकी म्हणाल्या, “मला तर बाई वाघच बघायचा आहे.”

ताई म्हणाली, “काकी, वाघासाठी ताडोब्याला जावं लागेल. ते चंद्रपूरकडं. राज्याचं पार दुसरं टोक. जाण्यायेण्यातच दोन-तीन दिवस जातील.”

“मग?”

“मग आधी जवळचं रान बघू. रानात कसं जायचं, कसं राहायचं, हे कळेल. पुढं पैसे साठले की वाघ.”

आजी म्हणाल्या, “खरं आहे. पोर आधी खाडीत वल्हं मारायला शिकतं. मग दर्यावर जातं.”

ताईचे म्हणणे योग्य होते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे जीपमधून फिरवतात. सकाळी एक फेरी आणि दुपारनंतर एक फेरी. नोंदणी आधी करावी लागते. मोहर्ली, कोलारा अशी वेगवेगळी गेटे आहेत. ज्या गेटची नोंदणी, त्याच गेटने आत जायचे. मंगळवारी उद्यान बंद असते. पावसाळ्यात, म्हणजे १ जुलै ते ३० सप्टेंबर, आतले मुख्य रान बंद असते. हे न पाहता कोणी मंगळवारी जाऊन उभा राहिला, तर त्याने गेटावरची पाटी वाचायची आणि परत फिरायचे. पाटी घरीच वाचलेली काय वाईट?

आता प्रश्न उरला, फणसाडला कधी जायचे?

वहिनी म्हणाल्या, “जूनमध्ये जाऊ. मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या. आपल्याला वेळच वेळ.”

आजी म्हणाल्या, “अगं, आपल्याला वेळ असेल. रानाला नको का? जूनमध्ये पाऊस धो धो. वाटा निसरड्या. पाणी जागोजाग. जनावर गाणावर कशाला येईल?”

आजींनी नेमके सांगितले. आपण भरती-ओहोटी पाहून होडी लोटतो. सवड आहे म्हणून लोटत नाही. रानाचेही तसेच आहे. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास रान हिरवे असते. फुलपाखरे पुष्कळ दिसतात. थंडीत हवा सुखाची असते आणि पक्षी पाहायला मिळतात. होळीनंतर ऊन तापते, घाम येतो. पण जनावरे पाण्यावर येतात. ज्याला जे पाहायचे, त्याने तो काळ निवडावा.

बायकांनी होळीनंतरचा आठवडा ठरवला. वारही ठरवला. शनिवार-रविवारी काशीद-मुरूडकडे मुंबई-पुण्याची गर्दी असते. खोल्यांचे भाव चढतात. गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक कमी. म्हणून बुधवारी सकाळचा बाजार उरकून निघायचे, गुरुवार रानात काढायचा, शुक्रवारी दुपारी घरी परतायचे. मुक्काम दोन रात्रींचा.

पाहा, अजून खोलीचे नावही निघाले नाही. आधी काय पाहायचे ते ठरले, मग काळ ठरला, मग वार ठरला. मुक्कामाची पाळी त्यानंतरची.

मुक्काम कोठे करावा?

काकींनी विचारले, “रान तर आपल्याच जिल्ह्यात. मग मुक्काम कशाला? सकाळी एस. टी. धरू, रात्री घरी येऊ.”

याचे उत्तर जनावरांच्या वागण्यात आहे. बहुतेक जनावरे पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतात. दुपारी सावलीत पडून असतात. सकाळची एस. टी. धरून आपण पोहोचणार ऊन वर आल्यावर. तोवर शेकरूही पानांत दडी मारते. ज्याला रान पाहायचे, त्याने उजाडताना रानाच्या दाराशी असावे. म्हणून मुक्काम. निवांत झोपायला तर घर आहेच!

मुक्कामाचे साधारण तीन प्रकार असतात.

पहिला प्रकार, वनखात्याची सोय. फणसाडला सुपेगाव येथे वनखात्याने पाहुण्यांसाठी तंबूंची सोय केलेली आहे. रान अगदी लागून. सोय साधी. जाण्यापूर्वी नोंदणी करावी लागते.

दुसरा प्रकार, गावातले घर. किनाऱ्याच्या गावांत पाटी दिसते : “घरगुती राहण्याची व जेवणाची सोय.” वाडीत एक-दोन खोल्या काढलेल्या असतात. जेवण घरचे. राज्याच्या पर्यटन खात्याची ‘निवास व न्याहारी’ नावाची योजना आहे. तीत अशी घरे नोंदवता येतात. घर नोंदलेले आहे का, हे जरूर विचारावे.

तिसरा प्रकार, मोठे हॉटेल. तेथे थंड हवेचे यंत्र असते, पोहण्याचा तलावही असतो. भाडे त्या मानाने जास्त. ज्याला समुद्र पाहत पडून राहायचे, त्याला ते ठीक. पण पोहण्याच्या तलावावर सांबर पाणी प्यायला येत नाही.

कोणता प्रकार चांगला? सर्वांना एकच उत्तर नाही. घरात म्हातारे माणूस असेल, गुडघे दुखत असतील, तर तंबूपेक्षा पक्की खोली आणि जवळचे शौचालय बरे. तरुण मंडळी असतील तर तंबू उत्तम. आपली गरज आधी सांगावी. लाज धरू नये.

स्वस्त ते महाग कसे होते?

ताईने दोन ठिकाणी चौकशी केली. एक घर रानाच्या दारापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. चार माणसांच्या खोलीला एका रात्रीचे १२०० रुपये. दुसरे ठिकाण दूर बाजारात होते. तशाच खोलीला ८०० रुपये. (हे आकडे हिशोब शिकण्यासाठी घेतले आहेत. खरे भाव त्या त्या वेळी विचारावेत.)

वहिनी लगेच म्हणाल्या, “आठशेचीच घेऊ!”

ताई म्हणाली, “थांबा वहिनी, कागदावर मांडू.”

जवळचे घर : २ खोल्या × २ रात्री × १२०० = ४८०० रुपये.
दूरचे ठिकाण : २ खोल्या × २ रात्री × ८०० = ३२०० रुपये.

दूरचे ठिकाण १६०० रुपयांनी स्वस्त झाले. पण तेथून रानाच्या दाराशी जायला गाडी हवी. बुधवारी संध्याकाळी, गुरुवारी पहाटे, गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवारी पहाटे, अशा चार खेपा. जाऊन येऊन एका खेपेचे ५०० रुपये.

४ खेपा × ५०० = २००० रुपये.
३२०० + २००० = ५२०० रुपये.

म्हणजे स्वस्त खोली ४०० रुपयांनी महाग पडली. शिवाय पहाटे गाडी वेळेवर आली नाही, तर सकाळ फुकट. पैसा पुन्हा मिळवता येतो. ती सकाळ मिळत नाही.

मुक्कामाचा हिशोब करताना खोलीचे भाडे आणि जाण्यायेण्याचे भाडे नेहमी एकत्र मांडावे. हे साधे गणित ज्याला येते, तो सहसा ठकत नाही.

मग ताईने पूर्ण खर्च मांडला :

खोल्या : ४८०० रुपये
जेवण (८ माणसे × २ दिवस × ३०० रुपये) : ४८०० रुपये
घरून जाण्यायेण्याची गाडी : २४०० रुपये
प्रवेश आणि वाटाड्या : १२०० रुपये
अडीअडचणीसाठी : ८०० रुपये
एकूण : १४,००० रुपये

१४,००० भागिले ८ म्हणजे दर माणशी १७५० रुपये. प्रत्येकीने दर महिन्याला १५० रुपये बाजूला टाकले, तर वर्षात १८०० रुपये होतात. सहल होऊन ५० रुपये उरतात. एका दमात जड वाटणारी रक्कम बारा महिन्यांत उचलली जाते.

पैसे देण्यापूर्वी विचारा

खोली ठरवताना पुढील प्रश्न विचारावेत. उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

१. रानाचे प्रवेशद्वार किती दूर आहे? चालत किती वेळ लागतो?
२. पहाटे चहा मिळेल का? सोबत न्यायला भाकरी मिळेल का?
३. शौचालय खोलीला लागून आहे का? पाणी दिवसभर असते का?
४. खोलीला आतून कडी आहे का? रात्री बाहेर दिवा असतो का?
५. रानाची माहिती असलेला वाटाड्या मिळेल का? त्याचे पैसे वेगळे का?
६. जवळचा दवाखाना कोठे आहे?
७. काही कारणाने येता आले नाही, तर आगाऊ रक्कम परत मिळेल का?

हे प्रश्न विचारले म्हणून कोणी रागावत नाही. प्रामाणिक मालक आनंदाने उत्तर देतो. जो “या तर खरं, मग बघू” एवढेच म्हणतो, त्याच्याकडे आगाऊ पैसे पाठवू नयेत.

ताईने घरमालकिणीला असे पत्र पाठवले :

“सौ. काकूंस,
स. न. वि. वि.
आम्ही आठ बायका येत्या बुधवारी संध्याकाळी येत आहोत. मुक्काम दोन रात्री. शुक्रवारी सकाळी न्याहारी करून निघू. चार-चार जणींच्या दोन खोल्या ठेवाव्यात. आमच्यात एक आजी आहेत. त्यांना जिना चढवत नाही, तरी एक खोली खालची असावी. गुरुवारी आणि शुक्रवारी पहाटे पाच वाजता चहा हवा. आगाऊ एक हजार रुपये पाठवत आहे. पावती पाठवावी.
आपली,
बचत गटाची चिटणीस”

पत्र लहान आहे. पण त्यात माणसे, खोल्या, रात्री, वेळ, गरज आणि पैसे, सारे आले. हाच मजकूर मोबाइलवर पाठवला तरी चालतो. पैसे मोबाइलवरून दिले तरी पावती मागावीच. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. लिहिलेले राहते.

पाहुणा आणि यजमान

तुमच्यापैकी काहींच्या घरीच पाहुणे उतरत असतील. त्यांनी हा पाठ उलट बाजूने वाचावा.

३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या भागांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळ लावली की सुपारी हाती यायला बरीच वर्षे जातात. तोवर घर कशावर चालवायचे? अशा घराला पाहुण्याच्या दोन खोल्यांचा मोठा आधार होतो. आपण गावातल्या घरी उतरलो की भाड्याचे पैसे त्या घरात जातात. वाटाड्या गावचा असेल तर त्याच्या चुलीवर भात शिजतो. रान राहिले तर पाहुणे येतील, हे मग त्यालाही पटते. तो वणवा लागू देत नाही. चोरून कोणी फासे लावले, तर खात्याला कळवतो. म्हणजे आपण मुक्काम कोठे करतो, यावर रानाचे बरेवाईटही थोडेफार अवलंबून असते.

यजमानाने काय करावे? भाव पाटीवर लिहावा. पावती द्यावी. खोली स्वच्छ ठेवावी. आणि “वाघ दाखवतो, बिबट्या दाखवतो” असे वचन देऊ नये. जनावर कोणाच्या शब्दात नसते.

रानात कसे वागावे?

अभयारण्यात परवानगी घेऊनच जावे. १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. रानात आग लावणे, हत्यार नेणे, जनावराला त्रास देणे हे गुन्हे आहेत. पण केवळ कायद्याच्या भीतीने नव्हे, तर पाहुण्याची रीत म्हणून काही गोष्टी पाळाव्यात.

भडक कपडे घालू नयेत. मातकट किंवा हिरवट रंग चांगला. पायांत बूट असावेत. रात्री अंगणात जाताना बॅटरी घ्यावी, कारण उन्हाळ्यात साप-विंचू बाहेर पडतात. साप चावलाच, तर जखम कापू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. माणसाला न चालवता ताबडतोब दवाखान्यात न्यावे. वानराला, शेकराला खाऊ घालू नये. खाण्याची चटक लागली की ती माणसाच्या मागे लागतात. प्लॅस्टिकची पिशवी जशी नेली तशी परत आणावी. गाणाजवळ बोलू नये. आपण बोलत असलो, तर तहानलेले जनावर झाडीत उभे राहते आणि पाणी न पिता माघारी जाते. भर उन्हाळ्यात ही लहान गोष्ट नव्हे.

काहीच दिसले नाही तर? असे होते. त्या दिवशी पावलांचे ठसे पाहावेत. शेकराने कुरतडून टाकलेली फळे पाहावीत. उंच फांदीवरचे त्याचे घरटे शोधावे. कोळ्याचे जाळे रोज का भरते? तरी तो पुन्हा दर्यावर जातोच ना? रान पाहणाऱ्यालाही तेवढा धीर हवा.

ध्यानात ठेवा : आधी काय पाहायचे ते ठरवा. मग काळ आणि वार. मग रानाच्या दाराजवळचा मुक्काम. मग हिशोब. मग लेखी बोलणे. या क्रमाने गेलात, तर फणसाड काय किंवा ताडोबा काय, कोणतेही रान तुम्हांला दूर नाही.

अभ्यास

१. उत्तरे लिहा :
(अ) गाण म्हणजे काय?
(आ) फणसाड अभयारण्य कोणत्या साली जाहीर झाले?
(इ) जवळच्या रानातही मुक्काम का करावा?
(ई) जूनमध्ये जाण्यास आजींनी नको का म्हटले?

२. ताईला पुढील पावती आली. तिचे पत्र पुन्हा वाचा आणि पावतीतील चूक शोधा.

पावती क्रमांक : १७
माणसे : ८
खोल्या : १
रात्री : २
आगाऊ मिळाले : १००० रुपये
सही : ———

ही चूक मुद्दाम केलेली असेलच असे नाही. घाईत होते. पण ती न वाचता पेटीत ठेवली असती, तर त्या रात्री आठ बायकांवर काय वेळ आली असती? आपसांत बोला.

३. तुमच्या घरची पाच माणसे एका रात्रीसाठी जाणार आहेत. भाडे, जेवण आणि गाडी यांचे भाव तुमच्या गावात विचारा. वहीत हिशोब मांडा. दर माणशी किती आले?

४. खोली राखून ठेवण्यासाठी पत्र लिहा. माणसे, खोल्या, रात्री, वेळ आणि आगाऊ रक्कम लिहिण्यास विसरू नका.

नवे शब्द
मुक्काम – प्रवासात राहण्याची जागा
नोंदणी – आधी नाव लिहून जागा राखून ठेवणे
आगाऊ – कामाच्या आधी दिलेले
वाटाड्या – वाट दाखवणारा
यजमान – पाहुण्याची व्यवस्था करणारा